असोद्याची लेक, सोपानाची माय

॥ राम कृष्ण हरी ॥

दिंडीला शंभर वर्षे झाली, स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी जुन्या वह्या बाहेर काढल्या. काही फडक्यात बांधलेल्या, काहींच्या कडा कुरतडलेल्या. त्यात बैलगाडीचा खर्च सापडला, पीठ-डाळ-गुळाचा हिशेब सापडला, मुक्कामाच्या गावांची नावे सापडली. विणेकरी कोण, चोपदार कोण, पखवाज कोणाच्या गळ्यात, हेही लिहिलेलं आहे. पण डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत चालत गेलेली बाई कोण? मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडून साऱ्या दिंडीच्या भाकरी थापणाऱ्या कोण? हे शोधायला गेलो, तर कुठे ‘अमक्याची आई’, कुठे ‘तमक्याच्या घरचे’, आणि बऱ्याच ठिकाणी काहीच नाही.

त्या माउल्या गेल्या. त्यांच्या ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या. आता कोणाला विचारायचं?

ही खंत मनात असतानाच आम्ही ठरवलं की, या अंकात एका आईचं चरित्र द्यायचं. ती ब्राह्मणपुरीची नाही, पण आपल्याच खानदेशातली आहे. शेतकऱ्याच्या घरात जन्मली, शेतकऱ्याच्या घरात दिली गेली, अक्षर ओळख नव्हती. तिच्या मुलानं तिचं बोलणं वहीत उतरवून घेतलं, म्हणून ती आज महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिचं नाव बहिणाबाई चौधरी.

वारकऱ्याला बहिणाबाई म्हटलं की आधी शिऊरच्या संत बहिणाबाई आठवतात, तुकोबारायांना गुरू मानणाऱ्या. त्या सतराव्या शतकातल्या. या दुसऱ्या, आपल्या आजी-पणजीच्या काळातल्या. नाव एक, म्हणून घोटाळा होतो, तो आधीच दूर केलेला बरा.

माहेर

जळगावजवळ असोदे नावाचं गाव आहे. तिथल्या महाजनांच्या घरात १८८० सालच्या श्रावणात, नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचं नाव उखाजी, आईचं नाव भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, भरलं घर. घामा, गना आणि घना हे भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या बहिणी.

त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता, आणि धुळे हे त्याचं मुख्य ठिकाण. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव पूर्वेला गेलं, आपला शहादा तालुका पश्चिमेला. पुढे पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ पासून आपण नंदुरबार जिल्ह्यात आलो. पण या रेघा कागदावरच्या. तापीमाईला त्या ठाऊक नाहीत. मुक्ताईच्या मेहूणवरून जे पाणी निघतं, तेच पुढे आपल्या प्रकाशाला येऊन गोमाईला भेटतं. आखाजीला तिकडच्या लेकी जशा झोके बांधतात तशाच इकडच्याही. काळी जमीन तीच, कपाशी तीच, ज्वारी-बाजरी तीच. म्हणून बहिणाबाईंचं बालपण आम्हाला परकं वाटत नाही.

मुलीला शाळेत घालायची रीत तेव्हा शेतकऱ्याच्या घरात नव्हती. बहिणाबाईंची शाळा म्हणजे शेत, खळं, जातं आणि देऊळ. कान मात्र तयार होत गेले. घरात म्हाताऱ्या बाया दळताना गायच्या, देवळात कीर्तन-भारूड व्हायचं, गावात गोंधळी-वासुदेव यायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला विसरून चालत नाही, कारण परत बघायला पान नसतं. आपल्या दिंडीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांना अख्खा हरिपाठ असाच पाठ होता, हे आम्ही स्वतः ऐकलेलं आहे.

सासर

वयाच्या तेराव्या वर्षी लग्न झालं. जळगावचे नथूजी खंडेराव चौधरी हे यजमान. असोदे ते जळगाव हे अंतर तसं थोडं. आज गाडीवर निघालं तर चहा थंड व्हायच्या आत माणूस पोचेल. पण तेरा वर्षांच्या पोरीला ते केवढं लांब असेल! माहेराच्या वाटेवर तिनं गाणी केली आहेत. उन्हानं तापलेल्या रस्त्यावर तळपाय भाजतात, तरी माहेराकडे जाताना तोच रस्ता पायाला मऊ लागतो, असा भाव त्यात आहे. वारकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पंढरपूरला आपण माहेरच म्हणतो, आणि आषाढातली ती वाट आपल्याही पायाला तशीच लागते.

सासरी एकत्र कुटुंब, मोठा बारदाना. पहाटे दळण, मग पाणी, मग चूल, मग शेत. बैल, मोट, पेरणी, निंदणी, कापणी, खळ्यावर रगडणी, वारा सुटला की उपणणी. यातलं एकही काम त्यांच्या गाण्यातून सुटलेलं नाही. जात्याला आपल्याकडे घरोट म्हणतात. त्या घरोटावरही त्यांचं गाणं आहे. गोपाळपुरात गेल्यावर आपण जनाबाईचं जातं बघतो, त्याला हात लावतो. जनाबाईनंतर सहाशे वर्षांनी खानदेशातली एक बाई तशीच पहाटे उठून, तसाच खुंटा धरून, दळता दळता बोल जुळवत होती. पीठ खाली पडत होतं आणि गाणं वर येत होतं.

तो काळ साधा नव्हता. १८९९-१९०० साली छप्पन्याचा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६, म्हणून छप्पन्या. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. त्याआधी १८९६ पासून प्लेग मुंबईहून देशभर पसरू लागला होता, आणि पुढची कितीतरी वर्षे तो गावागावांत फिरून फिरून येत राहिला. माणसं गाव सोडून शेतात झोपड्या करून राहायची. बहिणाबाईंच्या घरालाही प्लेगनं सोडलं नाही. त्यांना तीन मुलं. मुलगी काशी, मुलगे ओंकार आणि सोपान. त्यातला ओंकार प्लेगमधून वाचला, पण कायमचं अपंगत्व घेऊन.

एकटी माय

आणि मग कपाळ पुसलं गेलं. बहिणाबाई तिशीत होत्या तेव्हा नथूजी गेले. धाकटा सोपान १९०७ सालचा, म्हणजे बाप कळण्याच्या आधीच बाप गेलेला.

तिशीतली बाई, पदरात तीन लेकरं, त्यातलं एक अधू. शंभर वर्षांपूर्वीच्या गावात विधवेचं जिणं काय होतं हे आम्ही इथं लिहीत बसत नाही. ज्यांनी आपल्या आजीला तसं पाहिलं आहे त्यांना ते माहीत आहे. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. पण बहिणाबाईंनी आपलं दुःख गाण्यात मांडताना कपाळ बडवलं नाही. कुंकू पुसलं तरी गोंदण पुसत नाही. काकणं फुटली तरी मनगट राहतं, मनगटातलं बळ राहतं, असं त्या म्हणाल्या. ज्योतिष्याला तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं: माझं नशीब मला कळतं, तू सांगायला येऊ नकोस. हातावरच्या रेषेपेक्षा हातातल्या कामावर त्यांचा भरवसा होता.

हा काही देव सोडलेल्या बाईचा ताठा नव्हे. देवावर श्रद्धा आणि कामावर निष्ठा ही आपल्या संतांचीच शिकवण. सावता महाराजांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चिखल सोडला नाही. बहिणाबाईंनी शेत सोडलं नाही. पेरलेलं बी मातीतून वर येताना त्यांना देव दिसायचा. सुगरणीचा खोपा झाडाला लोंबताना पाहून त्यांना वाटायचं, एवढ्याशा चोचीनं पाखरू घर बांधतं, मग दोन हात दिलेल्या माणसानं रडत का बसावं? भाकरी मिळायच्या आधी हात भाजतो, हे त्यांनी संसाराला लावून दाखवलं. हे काही पुस्तकातून आलेलं शहाणपण नव्हतं. चुलीपुढं बसून, खरोखर हात भाजून आलेलं होतं.

त्यांच्या एका गाण्यात जोगी आणि सासुरवाशीण यांचा संवाद आहे. जोगी विचारतो, बाई, तुला माहेराचं एवढं कौतुक, तर मग सासरी कशाला राहतेस? ती जे उत्तर देते ते ऐकून आमच्यातल्या भल्याभल्यांचे डोळे भरून येतात. तिचा भाव असा: माझ्या लेकीला उद्या माहेर असावं, म्हणून मी आज इथं नांदते. आई म्हणजे काय, हे सांगायला यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही. आई स्वतः सासरी राहून दुसऱ्या कोणाचं तरी माहेर होते.

वही

आता मुद्द्याचं. ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी?

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या शेतात, घरोटावर, चुलीपुढं गाणं रचायच्या आणि म्हणायच्या. बोली आपल्या खानदेशची. कोणी तिला अहिराणी म्हणतात, पण ती मुख्यतः त्यांच्या घरातली लेवा गणबोली. ऐकणाऱ्या बाया ‘छान म्हटलं गं’ म्हणून पुढच्या कामाला लागायच्या. त्यात कोणाचा दोष नाही. रोज वाहणारं पाणी कोणी भरून ठेवत नाही.

सोपान शाळेत शिकू लागला. सोपान हे नाव ऐकलं की आपल्याला सासवडची समाधी आठवते. या सोपानाच्या हातूनही एक मोठं काम व्हायचं होतं. असं सांगतात की, शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यानं एकदा आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं त्या गोष्टीचं गाणं तयार ठेवलं होतं. पोरगा चकित झाला. आपली आई रोज गुणगुणते ते नुसतं गुणगुणणं नाही, हे त्याला कळलं, आणि त्यानं ते वहीत उतरवायला घेतलं. त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीही वेळोवेळी गाणी टिपून घेतली. दोन पोरांनी पेन्सिल हातात घेतली, म्हणून पुढचं सगळं झालं.

सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. पण आईची वही घरातच होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावला बहिणाबाईंनी देह ठेवला. वय ७१. त्यांच्या हयातीत त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं नाही.

आई गेल्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, जरा संकोचानंच. अत्र्यांनी वाचली आणि ते थक्क झाले. हे सोनं लोकांपासून दडवून ठेवलंत कसं, असा त्यांचा सूर होता. त्यांनीच प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक बाहेर आलं. १९६१ साली ‘मानिनी’ चित्रपटात त्यांचं गाणं आलं आणि ज्यांनी पुस्तक हातात घेतलं नव्हतं अशा घरांतही बहिणाबाई पोचल्या. आज शाळेच्या पुस्तकात त्या आहेत.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. जळगावचं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे आज आपल्या ब्राह्मणपुरीचा मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन घरी येते, तेव्हा त्या कागदावर एका निरक्षर आईचं नाव छापलेलं असतं. छापखान्यावरही बहिणाबाईंनी गाणं केलं होतं. कोरा कागद छापला की शहाणा होतो, माणूस मात्र वेडाच राहतो, असा त्याचा रोख. पदवीचा कागद भिंतीवर लावताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

लिहिणारा हवा

आपल्या संप्रदायात गाणाऱ्याइतकाच मान लिहिणाऱ्याला आहे. तुकोबारायांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे महाराज आपल्याला वंदनीय आहेत, ते याच कारणानं. ज्ञानोबामाउली बोलत गेले आणि सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतलं.

आपल्या खानदेशातलंच अलीकडचं उदाहरण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलायचे, आणि अमळनेरचे साने गुरुजी, तेही त्याच तुरुंगात, ते लिहून घ्यायचे. त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. विनोबांनी त्याआधी ‘गीताई’ लिहिली ती आईच्या इच्छेसाठी. आईला संस्कृत कळत नव्हतं आणि तिला गीता समजून घ्यायची होती. पुस्तकाच्या नावातच आई आहे. पुढच्याच वर्षी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. १९४७ साली पंढरीच्या मंदिराची दारं सर्वांना उघडावीत म्हणून उपोषण करणारे ते हेच गुरुजी. विठोबाच्या दारात सगळ्यांना जागा असावी हा आग्रह धरण्याचं बळ त्यांना कुठून आलं, हे ‘श्यामची आई’ वाचलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

या सगळ्या आया थोर होत्याच. पण थोर आया घरोघरी आहेत. फरक एवढाच की, यांच्या मुलांनी लिहून ठेवलं.

आपल्या घरातली वही

आपला संप्रदायच मुळी एका मुलाच्या सेवेवर उभा आहे. पुंडलीक आईबापांचे पाय चेपत होता, देव दारात आला, तरी तो उठला नाही. वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, तो आजपर्यंत थांबलेला आहे. आपण दरवर्षी त्या विटेपर्यंत चालत जातो, आणि आईला मात्र घरी ‘तुला काय कळतंय, गप बस’ म्हणतो, हे बरोबर नाही.

पाय चेपणं ही सेवा आहे. तिच्याजवळ बसून तिचं ऐकून घेणं आणि चार ओळी लिहून ठेवणं, हीसुद्धा सेवाच आहे. बहिणाबाईंच्या सोपानानं ती केली.

आमच्याकडून ती झाली नाही. आम्ही लहान असताना दिंडीत चालणाऱ्या म्हाताऱ्या रात्री मुक्कामाला ओव्या म्हणायच्या. कोणाची अहिराणी, कोणाची गुजरी. आम्ही अर्धवट झोपेत ऐकायचो. आज त्यातली एक ओळ धड आठवत नाही, फक्त चाल कानात आहे. शब्द विचारावेत अशी एकही आता उरली नाही. जुन्या वहीत गुळाचा हिशेब शाबूत आहे, ओवी मात्र गेली. शताब्दीच्या आनंदात ही चूक आम्ही मोकळेपणानं कबूल करतो.

म्हणून वाचक माउलींना आमची एक विनंती आहे. पुढच्या आषाढीच्या आत आपापल्या घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईजवळ एक दिवस बसा. तिचं माहेर कोणतं, लग्न कोणत्या वर्षी झालं, पहिली वारी कधी केली, कोणाच्या सोबतीनं केली, दळताना काय म्हणायची, हे विचारा. तिच्या बोलीत जसं येईल तसं लिहा. शुद्धलेखन बघत बसू नका. सोपानदेवांनी आईची बोली सुधारून लिहिली असती तर बहिणाबाई राहिल्या नसत्या. मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवलात तर फारच चांगलं. आणि वर तिचं पूर्ण नाव घाला. ‘अमक्याची आई’ नव्हे, तिचं स्वतःचं नाव.

ती पानं दिंडीकडे आणून द्या. यंदापासून दिंडीच्या कपाटात एक वेगळी वही ठेवायची असं आम्ही ठरवलं आहे. तिच्यात गुळाचा हिशेब असणार नाही.

आणखी शंभर वर्षांनी कोणी हे कपाट उघडेल, फडकं सोडेल, तेव्हा त्याला आमच्यासारखं रिकाम्या हातानं बसावं लागू नये, एवढंच पांडुरंगाकडे मागणं आहे.

॥ राम कृष्ण हरी ॥